एकवीस बायकांचे आईबाप

एका दुपारी मी एकवीस बायकांचे आईबाप बदलून टाकले. कुणाला विचारलं नाही. पंखा चालू होता, चहा आला होता, हात माऊसवर होता. तासाभरात काम उरकलं. वर स्वतःवर खूश झालो, की पुण्याच्या माणसानं दोन दिवस दिले होते आणि आपण अर्ध्या दिवसात यादी पाठवली.

हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढं मी बरंच शहाणपण सांगणार आहे. वाचता वाचता वाटायला लागतं, की हा सांगणारा माणूस चांगला असावा. तसं वाटून घेऊ नका.

लोणी देवकरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. ठिबकला लागणारे प्लॅस्टिकचे जोड, नळ्या, टोप्या आमच्याकडं बनतात. मी तेव्हा टाइम ऑफिसात. म्हणजे हजेरी, रजा, फंडाचे फॉर्म, कुणाच्या नावातली चूक दुरुस्त कर, असली कामं. राहायला बारामतीत, मूळ गाव सांगवी. आम्ही ‘सांगवी’ म्हणतो. गावातले लोक मात्र आमच्या वस्तीला वेगळ्या नावानं ओळखतात. ते नाव इथं लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं.

तर मागल्या साली मालकांच्या मनात आलं, कामगारांचा आरोग्य विमा काढावा. वरच्या मजल्यावर एसीच्या खोलीत बैठक बोलावली. एचआरचे मोठे साहेब, हिशेबाचे साहेब, प्रॉडक्शनचे साहेब आणि पुण्याहून आलेला विम्याचा एजंट. मला का बोलावलं? एजंटनं पाठवलेल्या कागदात लिहिलं होतं, की कामगारांच्या बाजूचा एक माणूस असावा. टेबलाभोवती आठ खुर्च्या. चार भरलेल्या, चार रिकाम्या. मी आत गेलो तसं मोठ्या साहेबांनी शिपायाला हाक मारली आणि दाराजवळ माझ्यासाठी प्लॅस्टिकचं स्टूल मागवलं.

मी बसलो. नुसता बसलो नाही. ‘थँक्यू सर’ म्हणालो.

पडद्यावर दोन योजना होत्या. पहिलीत कामगार, त्याची बायको किंवा नवरा आणि दोन मुलं. रक्कम मोठी, दवाखान्यात स्वतंत्र खोली. दुसरीत रक्कम निम्मी, खोलीत तिघं-चौघं, पण आईवडीलसुद्धा आत. आईवडिलांचा निम्मा हप्ता कामगाराच्या पगारातून. आणि आधीपासूनचं दुखणं असलं तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळणार.

साहेबांना पहिली हवी होती. त्यांचे आईवडील पुण्यात, त्यांचा विमा केव्हाच काढलेला. ते एजंटला म्हणाले, "आमच्या लेबरला यातला फरक कळणार नाही हो. यांना काय, हॉस्पिटलमध्ये पलंग मिळाला की झालं." मग माझ्याकडं मान वळवली. "काय रे?"

माझी जीभ माझी जुनी वैरीण आहे. म्हणालो, "पलंग नसला तरी चालतंय साहेब. आम्हाला खाली झोपायची सवय आहे."

सगळे हसले. एजंटच्या कपातला चहा बशीत सांडला. साहेब म्हणाले, "बघा, हा आमचा माणूस. लाजत नाही." मीही हसलो. खोटं का सांगू, मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या लोकांना आपण हसवलं.

माझा बाप दवाखान्यात दोन पलंगांच्या मधल्या जागेत गेला. सतरंजीवर. पलंग रिकामा नव्हता. येणारे-जाणारे त्याच्या डोक्याजवळून चपला घालून जात होते आणि मी उकिडवा बसून हातानं त्यांचे पाय अडवत होतो. शेवटचा दम गेला तेव्हाही माझा एक हात कुणाच्या तरी पायावर होता.

त्या मरणाचा विनोद करून मी साहेबांना दिला. चहाबरोबर.

बैठक संपल्यावर जिन्यात उभा राहिलो तेव्हा हे कळलं. वर असताना कळलं नाही. माझं सगळं असंच, जिन्यात कळतं.

त्या दिवशी डबा खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी एक कागद घेतला, त्यावर दोन्ही योजना साध्या भाषेत लिहिल्या आणि मशीनमागून मशीन हिंडलो. मोल्डिंगवर तात्या असतात. पिकलेल्या मिशांचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि म्हणाले, "मला सोताची खोली घेऊन काय करायचंय? लगीन लावायचंय का तितं? म्हातारीचं बघा पयलं." झालं. तात्यांनी सही केली, बाकीच्यांनी केली. सगळ्यांना आईबाप पाहिजे होते. महिन्याअखेरीला मालक कारखान्यात आले तेव्हा मी तो कागद त्यांच्या पुढं ठेवला. मालकांनी दोन मिनिटं वाचला, साहेबांना म्हणाले, "मग दुसरीच घ्या ना." साहेबांनी मान हलवली. माझ्याकडं बघितलं नाही.

मी नेता झालो. कँटीनमध्ये कुणीतरी पेढे आणले. मला बाकावर उभं केलं. आता बाकावर उभा केलेला माणूस गप्प बसतो होय? मी हात वर करून सांगितलं, आईबाप आत आलेत. जुनं दुखणंही चालणार, अगदी पहिल्या दिवसापासून. आता कुणाच्या म्हातारीला दुखणं अंगावर काढायची गरज नाही.

मागच्या टेबलावर पॅकिंगच्या बायका बसल्या होत्या. त्यांनीही ऐकलं. माझ्या कागदावर त्यांची एकही सही नव्हती. त्या ‘घरी विचारून सांगते’ म्हणतात, मग उगाच वेळ जातो, असं मी माझ्या मनानं ठरवून टाकलं होतं. त्यांनी तसं म्हणायची संधीसुद्धा मी त्यांना दिली नव्हती.

मग यादी भरायची वेळ आली. एजंटनं नमुना पाठवला. खाली बारीक अक्षरात एक ओळ: आईवडील किंवा सासूसासरे, दोहोंपैकी एकच जोडी. मी फायली काढल्या. प्रत्येकाच्या फायलीत रेशनकार्डाची झेरॉक्स असते. पुरुषाच्या कार्डावर त्याचे आईबाप. बाईचं लग्न झालं की माहेरच्या कार्डावरचं तिचं नाव कमी होतं आणि सासरच्या कार्डावर चढतं. म्हणजे बायकांच्या कार्डावर सासूसासरे. मी उतरवत गेलो. पुरुषाचे आईबाप, बाईचे सासूसासरे. ती बारीक ओळ मी वाचली होती. पण हा प्रश्न आहे आणि तो कुणाला तरी विचारायचा असतो, हे डोक्यातच आलं नाही. आमच्याकडं कुणाच्याच डोक्यात येत नाही. पोरगी दिली म्हणजे दिली.

पाच दिवसांनी विम्याची कार्डं आली. मी दारात उभा राहून ती वाटली. संध्याकाळी सुमन आली.

सुमन पॅकिंगला. सासर सणसर, माहेर सांगवी. एकाच गावची असून आमची ओळख मात्र कारखान्यातली, कारण तिचं घर गावात आणि आमचं बाहेर. वडील नाहीत, भाऊ नाही. आई एकटी राहते, हे मला तिच्या रजेच्या अर्जांवरून माहीत होतं. प्रत्येक अर्जावर कारण एकच असायचं: आईला दवाखान्यात नेणे. ते अर्ज मीच फायलीला लावत होतो.

"भाऊ, ह्यात माझी आई न्हाय," ती म्हणाली.

"सासूबाई आहेत की."

"त्या हायत. आई कुठंय?"

मी म्हणालो, "सासू म्हणजे दुसरी आईच, सुमनताई. एकीवर भागवा की यंदा."

मागं दोघं-तिघं उभे होते, ते हसले. तात्याही हसले. मी सगळ्यांकडं बघून घेतलं, विनोद लागला की नाही ते.

ती हसली नाही. "सासूबाई ठणठणीत हायत," ती म्हणाली. "पाटं उठून चार म्हशींच्या धारा काढत्यात. आईच्या काळजातली झडप खराब झालीया. आपरेशन सांगितलंय. तुमीच बाकावर उभं राहून बोलला, जुनं दुखणं चालतंय. तवाधरनं थांबलीया मी. न्हायतर डोरलं मोडून कवाच केलं असतं."

माझं हसू तोंडावर तसंच राहिलं. काढून कुठं ठेवावं कळेना.

एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "कंपनीच्या ऑफिसकडून चूक झाली असेल तर यादी मिळाल्यापासून तीस दिवसांत दुरुस्ती होते. तसं कंपनीचं पत्र द्या, मोठ्या साहेबांच्या सहीनं. आणि त्या बाईंचा नवा फॉर्म. तीस दिवस गेले की मग पुढच्या वर्षी."

मी वर गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "यात चूक काय आहे? लग्न झालेली बाई आहे. सासूसासरे लिहिलेस, बरोबर लिहिलंस."

"तिची आई आजारी आहे साहेब. ऑपरेशन आहे."

"आणि एकीचं बदललं की बाकीच्या वीस दारात. पत्रात काय लिहायचं? की आमच्या ऑफिसनं न विचारता भरलं? उद्या हिचा सासरा येऊन भांडला, माझं नाव का काढलं म्हणून, तर तू देणार उत्तर?" मग थोडे मवाळ झाले. "तिला सांग, नवऱ्याची सही घेऊन ये. मग बघू."

मी खाली आलो तो काम फत्ते झाल्याच्या थाटात. सुमन खोक्याला चिकटपट्टी मारत होती. म्हणालो, "ताई, होतंय काम. फक्त नवऱ्याची सही आणा अर्जावर."

तिनं पट्टी दातानं तोडली. वर न बघता विचारलं, "हप्ता कुणाच्या पगारातनं कापणार?"

"तुमच्या."

"हितं दिवसभर उभी कोण ऱ्हाते?"

"तुम्ही."

"मग माझ्या आईला आई म्हणायला सही नवऱ्याची?" आता तिनं वर बघितलं. "तुमच्या कार्डावर कोण हाय, भाऊ?"

"माझी आई."

"तिचं नाव घालताना बायकूची सही घेतली व्हती का?"

मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. तोंडातून निघालं, "घरी विचारून सांगतो."

पॅकिंगच्या सगळ्या बायका हसल्या. इतकी वर्षं मी त्यांना हसवायचा प्रयत्न करत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसल्या.

आणि मी खरंच घरी विचारलं. बायको भाकरी थापत होती. तिची आई माळेगावकडं भावाजवळ असते, गुडघ्यांनी बसलेली. बायको म्हणाली, "म्हंजे माझ्या आईचंबी नाव घालता येत व्हतं?"

"येत होतं. एकच जोडी घालता येते, पण कुठलीही."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं, उलटली. "बरं," म्हणाली. दुसरं काही नाही. ओरडली असती तर मला चार शब्द बोलता आले असते.

त्या रात्री मला माझ्या शाळेतला एक फॉर्म आठवला.

पाचवीत होतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म होता, त्यावर बापाची सही पाहिजे होती. बाप कामावरून तसाच आला. कोपरापर्यंत सिमेंट. वर्गाच्या बाहेर उभा राहिला. गुरुजींनी आतूनच विचारलं, "धंदा काय लिहू?"

बाप म्हणाला, "गवंडीकाम, गुरुजी."

गुरुजी हसले. "तुमच्यात कधीपासून गवंडी व्हायला लागले? मजुरी लिहितो."

"न्हाय गुरुजी, मी सोता भिंत चढवतो. भिंत सरळ धरायचा वळंबा माझा हाय."

"लिहिलं, झालं. कर सही."

वर्ग हसला. मीही हसलो, कारण सगळे हसत होते. बापानं सही केली. ती करायला त्याला माझी आई रोज संध्याकाळी शिकवत होती, त्यामुळं अक्षर बरं आलं. घरी जाताना तो म्हणाला, "कागदच हाय त्यो. त्याचं काय एवढं." आणि पुढं चालत राहिला. आम्ही ज्या भिंतीच्या कडेनं चाललो होतो ती त्यानंच बांधलेली होती.

तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, पेन आपल्या हातात पाहिजे. शिकलो. खूप नाही, पण पेन हातात येण्याइतका शिकलो. आणि पेन हातात आलं त्या दिवसापासून मी गुरुजी झालो होतो. मला सगळ्यांचं आधीच माहीत होतं. कुणाची आई कोण, कुणाचा बाप कोण, कोण ‘घरी विचारून सांगते’ म्हणणार. दारात सिमेंटचे हात घेऊन कोण उभं आहे ते बघायची गरजच उरली नव्हती.

सकाळी उठून पत्र लिहिलं. हातानं. ‘विम्याच्या यादीत एकवीस महिला कामगारांच्या नावापुढे मी त्यांना न विचारता सासूसासऱ्यांची नावे भरली. नियमात दोन्हींची मुभा होती. चूक सर्वस्वी माझी आहे. प्रत्येकीला विचारून नवीन यादी करण्याची परवानगी द्यावी आणि दुरुस्तीच्या पत्रावर सही करावी.’ खाली माझं नाव, पूर्ण.

साहेबांनी वाचलं. परत माझ्याकडं सरकवलं. "फाड हे."

मी उभा राहिलो.

"फाड म्हणतोय. गेटवर हजेरी घ्यायचास. तिथून आत कुणी आणलं तुला?" आवाज वाढला नव्हता. अगदी समजावल्यासारखं बोलत होते. "तुमच्या लोकांचं हेच असतं. खुर्ची दिली की लगेच आवाज फुटतो."

जिभेवर उत्तर तयार होतं. खुर्ची कुठं दिलीत साहेब, स्टूल दिलं होतं. चांगलं उत्तर होतं. ते म्हटलं असतं तर साहेब कदाचित हसलेही असते, मीही हसलो असतो, आणि पत्र खिशात घालून खाली आलो असतो. मी ते उत्तर गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"फाडणार नाही," मी म्हणालो.

गर्जना वगैरे झाली असं समजू नका. आवाज चिरका आला, मध्येच फाटला. मी टेबलाची कड धरली.

"एक प्रत मालकांना पाठवतोय. एक एजंटला. तुम्ही सही करा अगर करू नका."

"पाठव," साहेब म्हणाले. "मग तुझं तू बघ."

पाठवलं. आणि त्याच दिवसापासून पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन एकेकीला विचारायला लागलो. मला वाटलं होतं तासाभराचं काम. चार दिवस गेले. एक म्हणाली, "सासूच ऱ्हाऊ द्या. माझी पोरं तिनंच वाढीवल्यात." एकीनं दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या दिवशी डोळे सुजलेले घेऊन आली, म्हणाली, "आई घाला," आणि कुणाशी न बोलता कामाला लागली. तिच्या घरी त्या दोन दिवसांत काय झालं ते मी विचारलं नाही. सगळ्यात वयस्कर होती ती म्हणाली, "माझं दोन्हीकडचं कुणीच ऱ्हायलं न्हाय रं बाबा. पर इचारलंस, बरं केलंस." मी तिच्यापुढं रेघ मारली. पहिल्या यादीत मी तिच्या मेलेल्या सासऱ्याचा विमा उतरवला होता.

सुमननं तिचा फॉर्म माझ्यासमोर भरला. आईचं नाव, वडिलांच्या जागी रेघ. सही तिची.

पत्र साहेबांच्या टेबलावर पडून राहिलं. मी रोज वर जायचो, साहेब रोज मीटिंगमध्ये. मालक परगावी होते. पंधरा दिवस गेले, मग वीस. सुमन हजेरीला अंगठा लावताना माझ्याकडं बघायची, मी मान हलवायचो, ती आत जायची. तीस दिवसांतले दोन उरले असताना मालकांचा फोन आला आणि सही झाली. चार दिवसांनी नवी कार्डं आली.

तोवर तिच्या आईच्या पायांवर सूज चढली होती. दोन पायऱ्या चढल्या की बसायला लागत होतं.

पुण्याला नेलं तेव्हा मी बरोबर गेलो. कागद भरायला म्हणून. खरं म्हणजे न जाऊन करणार काय होतो. खिडकीवर कार्ड दाखवलं, अर्ध्या तासात मंजुरी आली. कुणी नवऱ्याची सही मागितली नाही. म्हातारीला पलंग मिळाला, खिडकीजवळचा. तिनं चादर हातानं चाचपून बघितली आणि सुमनला म्हणाली, "लई पांढरी हाय गं. मळंल माझ्यानं."

तीन दिवस तपासण्या झाल्या. चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. बाई होत्या, तरुण. त्यांनी सांगितलं, की झडपेमुळं हृदयावर ताण येऊन आता हृदयच थकलंय. भूल सोसणार नाही. ऑपरेशन करता येणार नाही. गोळ्या देऊ, त्यांनी थोडं बरं वाटेल. घरी न्या, मीठ बंद करा, जपा.

सुमननं विचारलं, "महिनाभर आधी आणलं असतं तर?"

डॉक्टर फायलीतली पानं मागं-पुढं करत राहिल्या. म्हणाल्या, "तसं नक्की सांगता येत नाही."

मी भिंतीवर लावलेलं हृदयाचं चित्र बघत होतो. लाल आणि निळ्या नळ्या होत्या त्यात. आमच्या कारखान्यात बनतात तशाच, जोड दिलेल्या. असलं काहीतरी डोक्यात येतं माझ्या. तेव्हासुद्धा आलं.

गाडीत बसवताना म्हातारीनं विचारलं, "कारड चाललं का गं तुझं?"

"चाललं आई."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "नुसतं पडून ऱ्हायलं असतं." आणि सुमनच्या खांद्यावर डोकं टेकून सांगवीपर्यंत झोपली. सुमन हलली नाही. तिचा हात अवघडला असणार, पण हलली नाही. मी पुढच्या सीटवर होतो. तीन तास मागं वळून बघितलं नाही.

म्हातारी आहे. घरात असते, उशा लावून बसते, जास्त बोललं की धाप लागते. सुमन रविवारी जाते. आता तिच्या रजेच्या अर्जांवर काय कारण असतं ते मला माहीत नाही, कारण मी टाइम ऑफिसात नाही. त्याच महिन्यात माझी बदली गोदामात झाली. खोकी मोजतो. तात्या निवृत्तीच्या दिवशी भेटायला आले, म्हणाले, "लेका, पेढ्यांपास्नं खोक्यांपतुर आलास की." मीही म्हटलं, खोकी बरी, त्यांना आईबाप नसतात. ते हसले नाहीत. मग मीही हसलो नाही.

त्या महिन्याभरानंच झालं का? डॉक्टर नक्की सांगत नाहीत. साहेबांना विचाराल तर म्हणतील, वयच झालं होतं. मला मात्र माझा हिशेब येतो. वीस-बावीस दिवस पत्र साहेबांच्या टेबलावर होतं, ते त्यांचे. त्याआधीचे माझे. आणि साहेबांना त्या बाईची आई मी सांगितल्यावर कळली. मला आधीपासून माहीत होती. तिच्या दुखण्याचे अर्ज मी स्वतः पंच मारून फायलीला लावत होतो. त्यामुळं माझे दिवस जड आहेत. ते कुणी माफ करू नयेत. मीही करणार नाही.

आता विम्याचं वर्ष संपत आलंय. वर पुन्हा बैठक आहे. एजंट येणार, दोन योजना येणार. नवा नियम करायचं घाटतंय असं ऐकलं: बाईनं माहेरचं नाव दिलं तर नवऱ्याचं संमतिपत्र जोडायचं. मला बोलावलेलं नाही. मी जाणार आहे. तो नियम झाला तर यादी कारखान्याच्या बाहेर जाऊ देणार नाही. गेटवर बसावं लागलं तर बसेन. काढून टाकलं तर गेटच्या बाहेर बसेन, पण बसेन. माझ्या माणसांच्या दुखण्यावर वरच्या लोकांना हसू काढून द्यायचं काम मी सोडलंय. ते पुन्हा करणार नाही. पोट भरलं नाही तरी चालेल.

परवा सुमन रिकामी खोकी न्यायला गोदामात आली. तिला मी हे सगळं सांगितलं. जरा छाती पुढं काढूनच सांगितलं. म्हणालो, "यंदा एकेकीला दहा वेळा विचारीन, सुमनताई. तुमच्या तोंडचा शब्द ऐकल्याशिवाय एक नाव लिहिणार नाही."

तिनं खोकी एकात एक घातली, कवेत धरली. दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली.

"तुमी लिवूच नका," ती म्हणाली. "कोरा कागद आमच्याकडं द्या न् बाजूला व्हा. आमची आई कोण हाय, त्ये आमाला ठावं हाय."